आंबोलीचा मुक्काम

आषाढाचा पहिला आठवडा होता. चातुर्मास लागण्यास अद्याप काही दिवस अवकाश होता. एकदा चातुर्मास लागला की अण्णा गावाची शीव ओलांडत नसत, म्हणून गोव्याची फेरी त्याआधी उरकावी असे घरात ठरले होते. फेरी उरकली. परंतु तिथल्या रुग्णालयात जे ऐकावे लागले, त्याने परतीच्या वाटेवर गाडीतील तिघांच्याही तोंडचे शब्द हरपले होते. दाणोली मागे पडली, गाडी आंबोलीचा घाट चढू लागली आणि धुके इतके दाटले की पुढचे वळणही दिसेना. संध्याकाळचे सहा वाजले होते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा घरचा नेम होता आणि पुढे आजऱ्याकडचा रस्ता अंधारात कापणे सोयीचे नव्हते. तेव्हा ओळखीच्या एका घरी आंबोलीतच रात्र काढावी असे ठरले.

कुटुंब हिरण्यकेशीच्या काठच्या एका बाजारपेठेतले. गूळ आणि मिरचीची अडत, तीन पिढ्यांची पेढी, बाजारात शब्दाला किंमत. अण्णांची साठी जवळ आलेली. सव्वीस वर्षांचा मुलगा बी.कॉम. होऊन दुकानाची खातावणी सांभाळत होता. त्याच्याहून तीन वर्षांनी लहान असलेल्या मुलीचे लग्न ठरले होते. बोलणी पक्की झाली होती, साखरपुडा पर्युषणानंतर आणि लग्न दिवाळीनंतर करायचे होते. या कुटुंबाचे नाव-गाव येथे मुद्दामच दिलेले नाही. नावापेक्षा त्या रात्री त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो कोणत्याही घरापुढे उभा राहू शकतो.

मुलाच्या दुखण्याची सुरुवात कुठून झाली हे सांगणे अवघड होते, कारण ते एक दुखणे आहे असे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आढळला. एवढ्या कोवळ्या वयात मोतीबिंदू कसा, याचे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही आश्चर्य वाटले, परंतु शस्त्रक्रिया नीट झाली आणि विषय संपला. पुढे तीन-चार वर्षांनी हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. शाकाहारी घरांत हे नेहमीचेच, म्हणून इंजेक्शने सुरू झाली. त्यानंतर डाव्या कानात सतत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. फोन उजव्या कानाला लावण्याची सवय त्याला केव्हा लागली हे त्यालाही सांगता आले नसते. कानात मळ असेल, दुकानातल्या मिरचीच्या धुळीने झाले असेल, असे प्रत्येकाने आपापल्या परीने निदान केले. अखेर एके दिवशी बाजारात मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा त्याला ऐकू आला नाही आणि हमालाने हाताला धरून ओढले म्हणून तो वाचला. तेव्हा कुठे श्रवणचाचणी झाली, आणि चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञांनी डोक्याचा एमआरआय काढण्यास सांगितले.

त्या चित्रांत एक नव्हे, अनेक गाठी दिसल्या. दोन्ही कानांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांवर एकेक गाठ होती. डावीकडची मोठी, मेंदूच्या देठाला टेकलेली, आणि उजवीकडची वाटाण्याएवढी. मेंदूच्या दोन अर्धांमधील पडद्यावर तिसरी गाठ होती. मग मानेचाही एमआरआय झाला आणि मज्जारज्जूच्या आत चौथी गाठ सापडली. बोटांच्या मुंग्यांचे खरे कारण बहुधा तीच होती. कागदावर तीन वेगवेगळी नावे लिहिली होती : श्वानोमा, मेनिन्जिओमा आणि एपेन्डायमोमा. अण्णांनी तो कागद वाचला आणि त्यांच्या तोंडून एकच प्रश्न निघाला, "एका माणसाला एकाच वेळी तीन आजार?"

हा प्रश्न वैद्यकशास्त्रालाही फार पूर्वीपासून पडलेला आहे. मेंदूत एकाहून अधिक गाठी आढळल्या तर बहुधा त्या शरीरातील दुसऱ्या एखाद्या अवयवाच्या कर्करोगातून तेथे पोहोचलेल्या असतात. त्यांना मेंदूच्या मूळच्या, म्हणजे प्राथमिक गाठी म्हणत नाहीत. प्राथमिक गाठ मेंदूतील वा त्याच्या आवरणांतील पेशींतूनच उगवते, आणि ती सामान्यतः एकटीच असते. एकाच रुग्णात दोन वा तीन निरनिराळ्या जातींच्या प्राथमिक गाठी असणे ही विरळा घटना आहे. मेनिन्जिओमा हे नाव रूढ करणारे अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी लुईस आयझेनहार्ट यांच्यासह १९३८ साली या गाठींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा जोडीच्या गाठींची दखल घेतलेली आहे. मेंदूच्या आवरणातून उगवणारी मेनिन्जिओमा आणि मेंदूच्या आधारपेशींतून उगवणारी ग्लायोमा ही जोडी त्यांतल्या त्यांत अधिक वेळा नोंदली गेली आहे.

अशा एकत्र येण्याची कारणे मुख्यतः तीन दिसतात. पहिले, निव्वळ योगायोग. मेनिन्जिओमा ही उतारवयात बऱ्यापैकी आढळणारी गाठ असल्याने दुसऱ्या गाठीच्या तपासणीत ती अचानक दिसून येते. दुसरे, पूर्वी डोक्याला दिलेले किरणोपचार. १९४८ ते १९६० या काळात इस्राएलमध्ये दहा हजारांहून अधिक मुलांच्या डोक्यावरील गजकर्णासाठी क्ष-किरणांचा उपचार करण्यात आला होता. त्या काळी तो सर्वमान्य उपचार होता. पुढे कित्येक वर्षांनी त्या मुलांमध्ये मेंदूच्या गाठींचे, विशेषतः मेनिन्जिओमाचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक असल्याचे दिसून आले. तिसरे कारण वंशसूत्रांतील दोष. रुग्ण तरुण असेल आणि गाठी वेगवेगळ्या जातींच्या असतील, तर डॉक्टरांचे मन प्रथम याच कारणाकडे वळते.

गोव्यातील ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञांनी त्या दिवशी नेमके हेच केले. त्यांनी आधी एमआरआय पाहिला नाही. मुलाला समोर बसवून लहानपणापासूनची सारी हकीकत विचारली. मोतीबिंदूचा उल्लेख येताच ते थांबले. मग म्हणाले, "अण्णा, हे तीन आजार नाहीत आणि चारही नाहीत. आजार एकच आहे. मोतीबिंदूसुद्धा त्याचाच."

त्या आजाराचे नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप दोन, संक्षेपाने एनएफ-२. २०२२ साली तज्ज्ञांनी त्याचे नाव बदलून 'एनएफ-२ संबंधित श्वानोमॅटोसिस' असे केले, परंतु जुने नावच अजून अधिक चालते. सुमारे पंचवीस ते तेहतीस हजार जन्मांमागे एकास तो होतो. दोन्ही कानांच्या नसांवर श्वानोमा हे त्याचे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला मेनिन्जिओमा, एपेन्डायमोमा आणि तरुणपणीचा मोतीबिंदू आढळतो. १८२२ साली एडिंबरा येथील शल्यविशारद विशार्ट यांनी एकवीस वर्षांच्या एका तरुणाच्या डोक्यातील अनेक गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. तो या आजाराचा पहिला लिखित वृत्तांत मानतात. १९३० साली गार्डनर आणि फ्रेझियर यांनी अमेरिकेतील एका कुटुंबाची पाच पिढ्यांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यात दोन्ही कानांनी बहिरे झालेले ३८ जण आढळले. हा आजार घराण्यातून उतरतो, याबद्दल त्यानंतर शंका राहिली नाही. दोष नेमका कुठे, हे मात्र १९९३ साली उमगले. बाविसाव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, ते 'मर्लिन' नावाचे प्रथिन घडवते आणि हे प्रथिन पेशींच्या अनावश्यक वाढीला आवर घालते.

व्यापाऱ्याला हे समजेल कसे, याची डॉक्टरांना जाण असावी. ते म्हणाले, "तुमच्या पेढीच्या तिजोरीला दोन कुलुपे आहेत असे समजा. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, ती दोन कुलुपे. आपल्यापैकी बहुतेकांची दोन्ही शाबूत असतात. एक बिघडले तरी दुसरे राखण करते. तुमच्या मुलाच्या पेशींत एक कुलूप जन्मापासूनच मोडलेले आहे. आयुष्यात कधी एखाद्या पेशीत दुसरेही मोडले की तेथे गाठ धरते. नसेच्या वेष्टनात मोडले तर श्वानोमा, मेंदूच्या आवरणात मोडले तर मेनिन्जिओमा, मज्जारज्जूच्या आतल्या अस्तरात मोडले तर एपेन्डायमोमा. जागा बदलली म्हणून नाव बदलले."

पुढे त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. या गाठी बहुतांशी सौम्य असतात, त्या कर्करोगासारख्या शरीरभर पसरत नाहीत. परंतु कवटीच्या बंद जागेत सौम्य गाठीलाही वाढायला मोकळीक मिळत नाही. ती वाढेल तसतशी शेजारच्या नसांना आणि मेंदूला दाबते. डावीकडची गाठ काढावी लागेल, त्या कानाचे ऐकणे गेलेलेच आहे. बाकीच्या तिन्ही गाठींवर आज काहीच करायचे नाही, ठरावीक काळाने एमआरआय काढून लक्ष ठेवायचे. अण्णा म्हणाले, "पैशाची चिंता करू नका, सगळ्या एकदम काढून टाका." डॉक्टरांनी मान हलवली. "प्रत्येक शस्त्रक्रिया काही ना काही मोल घेते. उजवीकडची गाठ आज काढू गेलो तर उरलेला कान आजच जाईल. न काढता तो कदाचित काही वर्षे टिकेल. ही वर्षे आपण राखायची आहेत."

दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी मुलीकडे पाहिले. "हा दोष आईवडिलांकडून आलेला असू शकतो, किंवा या मुलातच नव्याने उपजलेला असू शकतो. निम्म्याच्या आसपास रुग्णांत तो नव्यानेच उपजतो. परंतु एकदा आला की पुढच्या प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. याचे रक्त तपासून नेमका दोष सापडला तर मग तुमचे आणि ताईंचेही रक्त तपासता येईल. तपासणी करायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे."

हे सारे मनात घेऊन ते तिघे आंबोलीत उतरले होते.

यजमानीणबाईंनी घाईने भाकरी, मुगाची आमटी आणि भात वाढला. सूर्य दिसत नव्हताच, घड्याळ पाहून सात वाजायच्या आत हात धुतले गेले. मग दिवसभर दाबून धरलेला पाऊस कोसळू लागला. आंबोलीचा पाऊस तो. वर्षाला सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी झेलणाऱ्या या गावाला त्याचे काही वाटत नाही. परंतु घाटावरच्या माणसाला त्या आवाजात आपला स्वतःचा आवाजही परका वाटतो. थोड्या वेळाने पावसाचा जोर ओसरला आणि बेडकांनी सूर धरला. आंबोलीत बेडकांच्या किती जाती आहेत हे पाहायला अभ्यासक दुरून येतात, येथल्या सड्यावर सापडणाऱ्या एका भेकाला तर गावाच्याच नावाने ओळखतात. कुठे खडा वाजवल्यासारखा, कुठे दाराच्या बिजागरीसारखा, कुठे टाळ्यांसारखा असे शंभर आवाज अंधारातून येत होते.

मुलगा ओसरीवर जाऊन बसला. उजवा कान बाहेरच्या बाजूला करून तो बराच वेळ ऐकत राहिला. मागून अण्णा आले आणि त्याच्या उजव्या बाजूला बसले. एवढ्यात घरातल्या सर्वांनाच त्याच्या उजव्या बाजूला बसण्याची सवय लागली होती.

"झोप येत नाही का रे?"

"ऐकून घेतोय, अण्णा."

यावर अण्णांना काही सुचले नाही. ताई उंबऱ्यात उभी होती, तिने पदराने डोळे पुसले.

थोड्या वेळाने अण्णांनी मनातला विषय काढला. निघण्यापूर्वीच आत्यांचा फोन येऊन गेला होता. आत्या मोठ्या, व्यवहारी आणि भावावर जीव असणाऱ्या. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. मुलाचे दुखणे कानाचे आहे एवढेच बाहेर सांगावे. मेंदू, गाठी, रक्तदोष हे शब्द घराबाहेर जाता कामा नयेत. मुलीचे लग्न होईपर्यंत तरी नाहीच नाही. शस्त्रक्रियाही मुंबईला नेऊन गुपचूप करावी. सोयरे कळते तर मोडते घेतील, आणि एकदा मोडलेले लग्न गावभर होते. आत्यांचे सगळेच चुकत होते असे नाही. आपल्या समाजात बाजाराइतकीच बातमी वेगाने फिरते, हे अण्णांना ठाऊक होते.

"तुम्हांला काय वाटते?" मुलाने विचारले.

अण्णा म्हणाले, "पेढीवर कर्ज काढताना मी बँकेला जामीनकीसुद्धा लिहून देतो. दुसऱ्याचे कर्ज आज माझ्यावर नाही, उद्या कदाचित येईल, तरी ताळेबंदाखाली ते लिहावे लागते. न लिहिता सही केली तर ती लबाडी ठरते. विम्याच्या अर्जातही तेच. मग मुलगी देताना एवढी मोठी गोष्ट झाकून ठेवायची, हे माझ्या मनाला पटत नाही. पण गोष्ट तुझ्या शरीराची आहे. उद्या बाजारात लोक तुझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील. तुझा होकार असल्याशिवाय मी कोणापुढे तोंड उघडणार नाही."

मुलाने लगेच उत्तर दिले नाही. अंधारात एक बेडूक खडा वाजवीत होता. मग तो म्हणाला, "माझे लपवून ताईचे लग्न झाले, आणि उद्या तिथे कळले, तर ती कोणाच्या तोंडाकडे पाहील? माझी हरकत नाही. पण ताईला विचारा."

ताई पुढे आली. "रिपोर्ट येईपर्यंत थांबा, असे मला कुणी सांगू नका. रिपोर्ट चांगला आला म्हणून सांगायचे आणि वाईट आला तर लपवायचे, हे कसले खरे बोलणे? सांगायचे तर आत्ताच सांगा."

दशलक्षणातील तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. मनात, वाणीत आणि कृतीत एकच असावे, वाकडेपणा असू नये, ही त्याची शिकवण प्रत्येक घर दरवर्षी ऐकते. ऐकताना ती सोपी वाटते. तिची किंमत मोजण्याची वेळ आली की ती किती जड आहे हे कळते.

सकाळी पाऊस थांबला होता. निघण्यापूर्वी ते तिघे हिरण्यकेशीच्या उगमापाशी गेले. गुहेतून निघणारे ते पाणी त्यांच्याच गावावरून पुढे जाते, घटप्रभेला आणि तिच्यासह कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे वाहत जाते. तिथून जवळच, घाटाच्या कड्यावरून कोसळणारे पाणी मात्र पश्चिमेच्या समुद्राला मिळते. पाऊस एकच, तो कोणत्या उतारावर पडला यावर त्याची वाट ठरते. अण्णा त्या पाण्याकडे बराच वेळ पाहत उभे होते. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणाले ते आता नीट कळले."

घरी परतल्यावर चौथ्या दिवशी अण्णा स्वतः सोयऱ्यांकडे गेले. फोनवर सांगण्याची ही गोष्ट नव्हे, असे त्यांचे मत होते. सर्व कागद पुढे ठेवून त्यांनी सारे सांगितले आणि मुलीची रक्ततपासणी अजून व्हायची आहे हेही सांगितले. त्या घरच्या मंडळींनी शांतपणे ऐकून घेतले, चहापाणी केले, विचार करून कळवतो म्हणाले. पंधरा दिवसांनी मध्यस्थांकरवी निरोप आला की मुलाचा इतक्यात लग्नाचा विचार नाही. कोणी कटू बोलले नाही. परंतु त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

मुलाच्या रक्तातील दोष काही आठवड्यांनी निश्चित झाला. मग आई, अण्णा आणि ताई या तिघांचेही रक्त तपासले गेले. तिघांपैकी कोणातही तो दोष आढळला नाही. म्हणजे तो मुलातच नव्याने उपजला होता, आणि ताईकडून तो पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. हा अहवाल त्या सोयऱ्यांकडे पाठवावा, अजून बोलणी जुळतील, असे आत्यांनी सुचवले. ताईने नकार दिला. "त्यांनी जे केले ते त्यांच्या भीतीने केले. मला राग नाही. पण अहवाल पाहून घेतलेली मुलगी म्हणून मला त्या घरी जायचे नाही." पुढे दीड वर्षाने तिचा विवाह दुसऱ्या घरी झाला. तेथेही कुंडली पाहण्यापूर्वी ही हकीकत सांगितली गेली. त्या घरच्या आजोबांनी एकच विचारले, "मुलाला आता कसे आहे?"

या साऱ्यात आईचे दुःख वेगळेच होते. गोव्याहून बातमी आल्यापासून तिने स्वतःलाच दोषी धरले होते. आपल्या माहेरात कोणी बहिरे होते का, गरोदरपणी आपण काय खाल्ले, कोणता नेम मोडला, याचाच ती शोध घेत होती. भेटायला येणाऱ्या बायका सांत्वन म्हणून असातावेदनीय कर्माचा उदय असे म्हणत, आणि तिला ते आपल्यावरचे आरोपपत्रच वाटे. गावातील एका वृद्ध स्वाध्यायी गृहस्थांनी तिला समजावले की कर्माचा विचार हा स्वतःच्या परिणामांची शुद्धी करण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा देण्यासाठी नाही. रक्ताचा अहवाल आला तेव्हा ती प्रथमच मोकळेपणाने रडली. आजारी माणसाच्या घरी जाताना कर्मसिद्धांत बरोबर नेऊ नये, पोळीभाजीचा डबा न्यावा. त्या घराला तेव्हा डब्याचाच आधार झाला.

डावीकडची गाठ काढण्याची शस्त्रक्रिया नऊ तास चालली. चेहऱ्याची नस त्या गाठीला अगदी चिकटून जाते. ती वाचली, तरी काही महिने मुलाच्या ओठाची एक बाजू ओघळलेली राहिली आणि डावा डोळा पुरता मिटत नव्हता. हळूहळू ते बरेच सुधारले. औषधांच्या बाबतीत घरापुढे एक नेहमीचाच प्रश्न आला. चौविहाराचा नेम, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारल्यावर त्यांनी सकाळ-दुपारच्या वेळा बसवून दिल्या आणि जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी गोळ्याही सुचवल्या. मात्र स्टेरॉइड अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते, तेव्हा पर्युषणातील उपवास या वर्षी नको, हेही त्यांनी बजावले. मुलाने त्या वर्षी उपवासाऐवजी रोज एक सामायिक अधिक केले. विचारले तर वाट निघते. न विचारता औषध सोडणे हे तप नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर अण्णांना कोणीतरी विचारले की डोळ्यांचे डॉक्टर, बी-१२ देणारे डॉक्टर, कानाचे डॉक्टर या सर्वांनी वेळ घालवला, त्यांच्यावर राग येत नाही का? अण्णा म्हणाले, "मोतीबिंदू होताच. बी-१२ खरोखरच कमी होते. कानही खरोखरच दुखावला होता. कुणीच खोटे बोलले नाही. प्रत्येकाने हत्तीचा एकेक अवयव पाहिला." अनेकान्ताचा हा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो आणि वादविवादात वापरतो. येथे तो एका तरुणाच्या डोक्यात प्रत्यक्ष घडला होता. प्रत्येक नय आपापल्या जागी खरा होता, चूक एवढीच झाली की कोणी सर्व कागद एकत्र करून पाहिले नाहीत. दोष काही अंशी घराचाही होता, कारण प्रत्येक डॉक्टरकडे जाताना आधीच्या दुखण्याचे कागद घरीच राहत होते. ज्या घरात पन्नास वर्षांच्या रोजकीर्दी जपून ठेवलेल्या होत्या, त्या घरात मुलाच्या तपासण्यांची एक फाइल नव्हती. आता ती आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर जन्मापासूनच्या दुखण्यांची तारीखवार नोंद मुलाने स्वतःच्या अक्षरात केली आहे.

वाचकांनी मनात भीती धरण्याचे कारण नाही, परंतु काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. एकाच कानाचे ऐकणे कमी होणे किंवा एकाच कानात सतत आवाज येणे, चालताना तोल जाणे, सकाळी उठताच डोके दुखून उलटी होणे, पूर्वी कधी नसताना फिट येणे, एकाचे दोन दिसणे, तरुणपणी मोतीबिंदू होणे. यांपैकी काहीही झाले तर ते मळ, वात किंवा पित्त म्हणून सोडून देऊ नये. बहुतेक वेळा कारण साधेच निघेल. ते साधे आहे हे तपासूनच ठरवावे.

आज या गोष्टीला काही वर्षे झाली. मेनिन्जिओमा आणि मानेतील गाठ जागच्या जागी आहेत. उजवीकडची गाठ थोडी वाढली आहे आणि ऐकणे उतरत चालले आहे. औषधांच्या मार्गाने ते काही काळ राखता येईल का, याचा विचार डॉक्टर करीत आहेत. २००९ साली बेव्हॅसिझुमॅब नावाच्या औषधाने काही रुग्णांचे ऐकणे सुधारल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून ती एक आशा आहे. कानाची नसच निकामी झाली तर सरळ मेंदूच्या देठावर बसवण्याचे श्रवणयंत्रही असते. अशाच आजाराच्या एका रुग्णाला ते १९७९ साली लॉस एंजेलिस येथे प्रथम बसवण्यात आले. मुलगा मात्र औषधाची वाट पाहत बसलेला नाही. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायला तो शिकला आहे. दुकानातल्या फोनवर समोरच्याचे बोलणे अक्षरांत उमटते आणि तो ते वाचून भाव सांगतो. गुऱ्हाळवाले शेतकरी आता त्याच्याशी समोर येऊन, तोंड दाखवून, सावकाश बोलतात. खातावणीत त्याची एकही चूक निघत नाही.

दर वर्षी आषाढात, चातुर्मास लागण्यापूर्वी, अण्णा त्याला घेऊन आंबोलीला एक मुक्काम करतात. त्याच ओसरीवर दोघे बसतात, अण्णा उजव्या बाजूला. गेल्या वर्षी बेडकांचे काही बारीक आवाज त्याला आले नाहीत. खडा वाजवणारा मात्र ऐकू आला. पावसाचा आवाज तर पुरेपूर आला.